शेजारी कोण? रक्त ओकणाऱ्या भावाविषयी

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७; १ शमुवेल १:९-१८



यरुशलेमाहून यरीहोस उतरणाऱ्या वाटेचा दृष्टान्त आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळा सांगितला जातो की, याजक व लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले हे ऐकताना आपल्यापैकी कोणाचेही मन आता दचकत नाही. आपण सहजच शोमरोनी मनुष्याच्या बाजूस जाऊन उभे राहतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तेथेच उभे राहून हा दृष्टान्त सांगत आलो. परंतु २०१६ सालच्या एका रात्री आम्ही स्वतः कोणत्या बाजूने चाललो होतो, हे देवाने आम्हांस दाखविले. ते सांगितल्यावाचून ह्या शास्त्रपाठावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही, म्हणून प्रथम तेच सांगतो.

आमच्या देखरेखीखालील एका लहान मंडळीत एक गवंडी होता. तेथील प्रार्थनामंदिराची दक्षिणेकडील भिंत त्याच्याच हातची. हात मोठा कसबी, परंतु दारूने तो धरला होता. दोन वेळा मंडळीने त्यास शिस्तीखाली ठेविले, दोन वेळा तो रडत परत आला, आणि तिसऱ्या वेळी तो परत आला नाही. नाताळापूर्वीच्या आठवड्यात एका रात्री त्याचा मुलगा धावत आमच्याकडे आला. आम्ही दोघा पंचांस घेऊन गेलो. पाहतो तो चुना कालविण्याचे घमेले त्याच्यापुढे ठेविलेले, आणि त्यात तांबडे रक्त. ओटी माणसांनी भरली होती. कोणी म्हणे पित्त उसळले, कोणी म्हणे हातभट्टीने आतडे जळाले. एक बाई देवऋषास बोलवा, ही करणी आहे, असे म्हणू लागली. आणि ती बाई, सांगण्यास लाज वाटते, आपल्याच मंडळीची सभासद होती. कोणी मिठाचे पाणी आणिले. आणि आम्ही काय केले? आम्ही त्याच्या उशाशी बसून शास्त्र उघडिले व त्यास पश्चात्तापाविषयी विचारू लागलो. त्याने मान हलविली. थोड्या वेळाने ओकारी थांबली. त्याने पाणी मागितले, दोन शब्द बोलला. प्रभूने प्रार्थना ऐकली असे समजून आम्ही उपकारस्तुती केली, आणि कंदील उचलून घरी गेलो.

पहाटे दुसरी उलटी झाली. जीप मिळेपर्यंत उजाडले, आणि तालुक्याच्या वाटेवर त्याचा प्राण गेला. त्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात सुरू होऊन दोन वर्षांहून अधिक काळ झाला होता. पंचांपैकी एकाच्या खिशात दूरध्वनी होता. तो त्या रात्री कोणीही बाहेर काढिला नाही.

पुढे एका ख्रिस्ती वैद्यांपाशी आम्ही ही हकीकत सांगितली. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, केवळ शांतपणे समजावून सांगितले, आणि त्यामुळे आमचे ओझे अधिकच जड झाले. त्यांच्याकडून जे शिकलो व पुढे जे वाचले, ते आपणांपुढे ठेवितो. प्रार्थनेच्या ठिकाणी वैद्यकी आणीत आहोत असे कोणी म्हणू नये. शोमरोनी मनुष्याने जखमा बांधिल्या, तेल व द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर त्यास घातले व उतारशाळेत नेले. हा सर्व तपशील प्रभूने स्वतः सांगितला आहे. तो मनुष्य कसा होता, त्याने हा रस्ता का धरिला, हे मात्र प्रभूने एका शब्दानेही सांगितले नाही.

आता यकृत म्हणजे काय ते ऐका. बकऱ्याची कलेजी आपण पाहिली आहे. तेच हे इंद्रिय, मनुष्याच्या उजव्या बरगड्यांखाली असते. जठर, आतडी व प्लीहा ह्यांतून येणारे रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होते आणि ती शीर ते यकृतात सोडते. निरोगी यकृत मऊ असते, म्हणून रक्त त्यातून सहज झिरपून हृदयाकडे जाते. पुष्कळ वर्षे दारू पिणाऱ्या कित्येकांचे यकृत प्रथम चरबीने भरते, मग सुजते, आणि शेवटी व्रण पडून गाठीगाठीचे व कठीण होते. ह्यालाच सिरोसिस म्हणतात. लाएनेक नावाच्या फ्रेंच वैद्याने १८१९ साली त्या यकृताच्या पिवळट तांबूस रंगावरून हे नाव दिले.

पाटाच्या तोंडाशी गाळ साचला म्हणजे काय होते, हे शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको. पाणी मागे तुंबते आणि बांधाची जी जागा कच्ची असेल तेथे वाट काढू पाहते. कठीण झालेल्या यकृतापुढे रक्ताचे तसेच होते. ते तुंबते व लहान लहान शिरांतून आडवाट काढते. त्यांपैकी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या व जठराच्या वरच्या भागाच्या शिरा फुगतात. त्यांचे आवरण पातळ असते. एके दिवशी त्यांतील एक फुटते. दुखत बहुधा नाही, हीच ह्या आजाराची मोठी फसवणूक होय. पोटात कळ नाही, म्हणून घरच्यांस भय वाटत नाही, आणि मनुष्य घमेले भरून रक्त ओकतो.

दुसरी फसवणूक ती, जिला आम्ही स्वतः बळी पडलो. असे वाहणारे रक्त सुमारे निम्म्या रुग्णांत काही वेळाने आपोआप थांबते. परंतु फुगलेली शीर तेथेच असते, दाब तोच असतो, आणि पुन्हा फुटण्याचे भय पहिल्या काही दिवसांतच सर्वांत अधिक असते. रक्त थांबले ती वेळ उपकारस्तुती करून निजण्याची नव्हती, गाडी बोलाविण्याची होती. देवाने आम्हांस त्या रात्री काही तास दिले होते, आणि ते आम्ही वाया घालविले.

रक्त नेहमी तोंडानेच पडते असेही नाही. जठरात साचलेले रक्त काळे पडून कॉफीच्या किंवा चहाच्या चोथ्यासारखे उलटून पडते. पुष्कळदा ते खाली उतरते व शौचास डांबरासारखे काळे, चिकट आणि विलक्षण दुर्गंधीचे होते. त्या गवंड्याच्या पत्नीने ते दोन दिवस आधी पाहिले होते. बोलण्याची लाज वाटली म्हणून ती गप्प राहिली. बहिणींनो, ह्या एका गोष्टीत लाज धरू नका. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते हे खरे, परंतु पिणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत ते ठरविणे वैद्यावर सोपवावे.) उठताना भोवळ येणे, घाम सुटून अंग गार पडणे, नाडी जलद व बारीक चालणे, ही चिन्हे दिसली म्हणजे रक्त आत वाहत असेल असे समजावे, मग बाहेर थेंब दिसो वा न दिसो.

अशा वेळी घरात करण्याचे फार थोडे आहे, आणि न करण्याचे पुष्कळ. तोंडाने काही देऊ नये. मिठाचे पाणी नको, तेल नको, आणि हात कापतात म्हणून घोटभर दारू तर मुळीच नको. त्यास एका कुशीवर निजवावे, म्हणजे ओकलेले रक्त श्वासात जाणार नाही. पांघरूण घालावे. १०८ बोलवावी, आणि ती येण्यास उशीर होईल असे दिसल्यास जे वाहन मिळेल त्यातून न्यावे, परंतु जेथे रक्त चढविण्याची व दुर्बिणीची सोय आहे अशाच ठिकाणी न्यावे. तो कोणत्या गोळ्या घेतो त्या पिशवीत घालून बरोबर द्याव्यात. अंगदुखीच्या गोळ्या घेत असेल तर ते अवश्य सांगावे, कारण त्यांनी जठरास व्रण पडून निराळाच रक्तस्राव होतो, आणि यकृताच्या रुग्णास तर त्या विषासारख्या होत. किती पितो हे विचारले असता खरे सांगावे. वैद्यापुढे अब्रू राखण्यासाठी बोललेले खोटे रोग्याच्या जिवावर येते: नेहमी पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली म्हणजे दोनतीन दिवसांत त्यास कंप, भास, झटके येऊ शकतात, आणि वैद्यास आधी ठाऊक असेल तरच तो त्यावर उपाय योजतो. दोन निरोगी तरुण रक्तदानासाठी बरोबर जातील तर फार उत्तम.

रुग्णालयात काय होते हे जाणले म्हणजे तेथे भांडण होत नाही, म्हणून तेही थोडक्यात सांगतो. शिरेतून असे औषध देतात की ज्याने तुंबलेल्या शिरांतील दाब उतरतो. जंतुनाशक औषधही देतात, कारण ह्या रोग्यांस रक्तस्रावाबरोबर जंतूंची बाधा फार लवकर होते व तीच कित्येकांचा अंत करिते. शक्य तर बारा तासांच्या आत तोंडावाटे दुर्बीण घालून फुगलेल्या शिरेवर लहानसे रबरी कडे बसवितात, म्हणजे ती आवळली जाऊन पुढे सुकते. रक्त मात्र वैद्य मोजून चढवितात, आणि येथेच नातलग रागावतात की पैसे असून रक्त का देत नाही. ह्याचे कारण असे की, अधिक रक्त भरले म्हणजे तुंबलेल्या शिरेतील दाब पुन्हा वाढतो. बार्सिलोना येथील वैद्यांनी जठर-अन्ननलिकेतून रक्तस्राव होणाऱ्या ९२१ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. ज्यांस हात राखून रक्त दिले त्यांपैकी शंभरांत ९५ जण सहा आठवड्यांनी जिवंत होते, आणि ज्यांस सढळ हाताने दिले त्यांपैकी ९१.

डॉ. वॉनलेस ह्यांनी १८९४ साली मिरजेस मिशनचे रुग्णालय उघडिले तेव्हा ह्यांपैकी काहीच नव्हते. वाकणारी दुर्बीण १९५७ साली अमेरिकेत प्रथम दाखविण्यात आली. शिरेतील दाब उतरविणाऱ्या प्रोप्रानोलॉल ह्या गोळीने पुन्हा होणारा रक्तस्राव टळतो, हे पॅरिसच्या वैद्यांनी १९८१ साली दाखविले. १९८० च्या सुमारास ह्या रक्तस्रावाने सहा आठवड्यांत मरणाऱ्यांची संख्या शंभरांत चाळीसच्या घरात होती. आता, वेळेवर पोहोचून नीट उपचार झाल्यास, ती पंधराच्या आसपास आली आहे. आपले वाडवडील जेथे केवळ प्रार्थना करू शकत होते तेथे देवाने आपणांस प्रार्थना आणि वाहन दोन्ही दिली आहेत. दिलेले न वापरता केवळ मागत राहणे ह्यास विश्वास हे नाव आम्ही तरी आता देत नाही.

परंतु मद्यपी देवाच्या राज्याचे वतनदार होणार नाहीत असे पौल लिहितो ना, असे कोणी म्हणेल. लिहितो, पहिल्या करिंथकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात. आम्हीही त्या गवंड्यास तेच वचन ऐकविले होते. परंतु त्याच्या पुढचेच वचन वाचा. तुमच्यांतील कित्येक तसेच होते आणि धुतले गेले, असा तेथे भाव आहे. धुतले जाण्यासाठी मनुष्य जिवंत राहिला पाहिजे. आणि मरणाच्या भयाने कापणाऱ्याकडून, तोंडात रक्त असता, पश्चात्तापाचा होकार मिळविणे हे त्याच्या आत्म्यापेक्षा आपल्याच मनाच्या समाधानासाठी होत नाही काय? आम्ही हा प्रश्न आमच्या सहकारी उपदेशकांस विचारितो, आणि स्वतःस तर रोज विचारितो. दारू हे पाप नव्हे असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरातील ताटे व मंगळसूत्र गुत्त्यावर गेले आहे तेथे जाऊन तसे म्हणण्याचे धाडस कोण करील? आम्ही इतकेच म्हणतो की, जखम वाहत असता शोमरोन्याने पापाचा हिशेब मांडिला नाही.

दुसऱ्या पाठाकडे वळू. हन्ना मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करीत होती, तिचे ओठ हलत होते व वाणी ऐकू येत नव्हती. एली याजक होता, वृद्ध होता, अनुभवी होता. आणि त्याने तिच्या तोंडाकडे पाहून ती प्यालेली आहे असे ठरविले. तिने नम्रपणे उत्तर दिले तेव्हा त्याने आपले म्हणणे सोडले व तिला आशीर्वाद दिला, हे त्या वृद्धाचे मोठेपण खरे. तरी देवाच्या सेवकाची पहिली नजर चुकली होती.

आपलीही तशी चुकते. रक्तस्राव होऊन गेल्यावर कित्येक रोगी असंबद्ध बोलू लागतात, दिवसा झोपतात व रात्री जागतात, हात पुढे धरिले तर पंख फडफडावे तसे हलतात, घरचा माणूस ओळखत नाहीत. मंडळीतील लोक म्हणतात, पाहा, इस्पितळातून आला नाही तोच पुन्हा ढोसली! परंतु त्याने थेंबही घेतलेला नसतो. आतड्यांत उतरलेल्या रक्तापासून विषारी द्रव्ये होतात, ती गाळण्याची शक्ती त्या यकृतात उरलेली नसते, आणि ती मेंदूस चढतात. ह्यावर औषध आहे. शौचास दिवसातून दोनतीन वेळा मऊ होईल असे पातळ औषध वैद्य देतात, आणि ते बंद केल्याने हा विकार उलटतो. अशा मनुष्यास कोंडून ठेवणे, मारणे, अथवा त्यास भूत लागले असे समजून त्याच्यावर ओरडून प्रार्थना करणे हे सर्व आमच्या कानी आलेले आहे. त्याची जागा रुग्णालयात आहे, आणि तीही त्याच दिवशी. आणखी एक: कठीण यकृताचा प्रत्येक रोगी दारूबाज असतो असे नाही. काविळीच्या कित्येक विषाणूंनी, लठ्ठपणाने व मधुमेहानेही तसेच होते. ज्या बहिणीने उभ्या जन्मात दारूचा वास घेतला नाही तिच्याविषयी पाणवठ्यावर कुजबुज करण्यापूर्वी हन्नाची आठवण धरावी.

आता दृष्टान्ताच्या त्या भागाकडे येऊ, ज्यावर आम्ही पूर्वी कधी उपदेश केला नाही. शोमरोन्याने उतारशाळेच्या धन्यास दोन दिनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येईन तेव्हा देईन असे सांगितले. परत येण्याची ही गोष्ट आपण गाळतो. रुग्णालयातून सोडले म्हणजे हार घालून आपण मोकळे होतो. परंतु पुढे काही उपाय न केल्यास अशा रोग्यांपैकी शंभरांत सुमारे साठ जणांस एकदोन वर्षांत पुन्हा रक्तस्राव होतो. ह्यासाठी रबरी कडी पुन्हा पुन्हा बसवून घ्यावी लागतात, त्या शिरा नाहीशा होईपर्यंत. दाब उतरविणारी गोळी रोज घ्यावी लागते, आणि बरे वाटते म्हणून ती मनाने सोडता येत नाही. (दमा असल्यास गोळी देण्यापूर्वीच वैद्यास सांगावे.) ह्या खेपांस मजुरी बुडते, भाडे लागते. मंडळीच्या दानपेटीत त्यासाठी काही नाही काय?

आणि दारू सुटली पाहिजे. थोडी नव्हे, पुरती. दारू सोडल्याने तुंबलेला दाब पुष्कळांत खरोखरच उतरतो व आयुष्य वाढते, हे वैद्य निश्चयाने सांगतात. कठीण झालेले यकृतही विसावा मिळाल्यावर कित्येकदा पुष्कळसे काम पुन्हा करू लागते. पौलाने तीमथ्यास पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले हे वचन ज्यांस बाकीचे शास्त्र येत नाही अशा मद्यप्यांसही तोंडपाठ असते, हे आम्ही पाहिले आहे. पौल तेथे मित्राच्या दुखण्याची काळजी वाहत होता. ज्याच्या शिरा फुगल्या आहेत अशा मित्रास त्याने काय लिहिले असते, हे समजण्यास फार विद्या नको. ह्याच कारणास्तव प्रभुभोजनाचा प्याला न आंबविलेल्या द्राक्षरसाचाच असावा असा आमचा आग्रह आहे. अमेरिकेतील डॉ. वेल्च ह्यांनी १८६९ साली द्राक्षरस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढिली ती प्रभुभोजनासाठीच. सोडून आलेल्या भावास त्या मेजावर परीक्षेत पाडू नये.

सोडणे कठीण आहे. त्यास पुष्कळदा वैद्याची मदत लागते, आणि तो पडतो. तीन वेळा पडतो, चार वेळा पडतो. आपली शिस्तीची वही दोन वेळांनंतर मिटते. ती तितक्या लवकर का मिटावी हे आम्हांस पूर्वी समजत असे, आता समजत नाही.

त्या गवंड्यास मिशनच्या दफनभूमीत जागा द्यावी की नाही ह्यावरही त्या वेळी वाद झाला. शेवटी जागा दिली, परंतु घंटा वाजविली नाही. त्याची विधवा त्यानंतर तीन वर्षे मंदिरात आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो व आमचा अपराध तिच्यापुढे कबूल केला, तेव्हा तिने ऐकून घेतले आणि चहा केला. दारात आलेल्या मनुष्यास सुनावण्यासारखे तिच्यापाशी पुष्कळ होते. तिने काहीही सुनावले नाही.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, हा लेख येत्या रविवारी मंडळीत वाचावा, आणि त्याच दिवशी मंदिराच्या दाराच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत १०८ लिहावे. त्याखाली गावात कोणाकडे वाहन आहे, रात्री कोण चालवील, आणि दुर्बिणीची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे चौकशी करून लिहावे. आमच्या त्या मंडळीत अशी यादी दक्षिणेकडील भिंतीवर लाविली आहे. तीत पहिले नाव एका पंचांचे आहे. दुसरे त्या गवंड्याच्या मुलाचे, ज्याने गेल्या वर्षी एक जुनी रिक्षा घेतली.